वामनाचें तिसरें पाऊल

कादंबरी म्हटली कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडावयाची, असा एक काळ आपल्या घरांतून होऊन गेला. ऐतिहासिक कादंबरी असली तर ती आठी थोडी सैल होई. सामाजिक असली तर घरांतील कर्ती स्त्री ती आधीं स्वतः वाची आणि मग सुनेच्या हातीं देई. ते दिवस पालटले. आज तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असल्या तर तिघींच्या हातीं तीन निराळीं पुस्तकें दिसतात, व त्याचें कोणाला वैषम्यही वाटत नाहीं. परंतु एका वाङ्मयप्रकाराविषयीं मात्र ती जुनी आठी अजून पुरती गेलेली नाहीं. तो प्रकार म्हणजे विज्ञानकादंबरी. आजोबांना ती पोरकट वाटते, कारण तींत परग्रहावरचे प्राणी असतात. आईला ती रूक्ष वाटते, कारण तींत यंत्रें असतात. आणि ज्या नातवाला ती मनापासून आवडते त्याला ती बहुधा इंग्रजींतच ठाऊक असते. या तिघांनींही एकदां हातीं धरावी अशी एक मराठी विज्ञानकादंबरी आहे. ती म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची ‘वामन परत न आला’. भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या आमच्या पवनी गांवाशीं तिचा एक चमत्कारिक संबंध जुळतो. तो पुढें येईलच. या कादंबरीमागील परंपरा, तिचा गाभा, आणि तींतून उठणारा एक गंभीर प्रश्न सुविद्य वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम परंपरेविषयीं. पारितोषिक म्हटलें कीं आपल्याला शाळेंतील बक्षीससमारंभ आठवतो. परंतु वाङ्मयांत पारितोषिकाचें काम याहून निराळें असतें. ज्या नव्या प्रकाराला ओसरीवर कोणी पाट मांडीत नाहीं, त्याच्यासाठीं स्पर्धेचें मागील दार उघडें असतें. आपल्या देशांत विज्ञानकथेचा प्रवेश अशाच दारानें झाला. १८९६ सालीं कलकत्त्यास ‘कुंतलीन’ नांवाचें केसांचें तेल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या कथास्पर्धेंत एका बंगाली कथेला बक्षीस मिळालें. कथेंत समुद्रावर तुफान उठतें आणि बोटीवरील एक उतारू बाटलीभर केशतेल लाटांवर ओतून तें शमवितो! वाचणाऱ्याला हंसूं येतें. परंतु ही निव्वळ थट्टा नव्हती. पाण्याच्या पृष्ठावर तेलाचा पातळ थर पसरला म्हणजे लहान लाटा दबतात, ही गोष्ट खलाशांना पूर्वापार ठाऊक होती व शास्त्रज्ञांनीं ती पारखूनही पाहिली होती. कथेचे लेखक होते जगदीशचंद्र बोस! आपल्या या कथेचा त्यांनीं पुढें १९२१ सालीं विस्तारही केला. विनोदाच्या वाटींतून पदार्थविज्ञानाचा घोट पाजण्याची ही युक्ति आपल्याकडे इतकी जुनी आहे.

मराठींत या प्रकाराचें माहेर म्हणजे मासिकेंच. १९०० सालीं ‘केरळ कोकिळ’ मासिकांत ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचें भाषांतर क्रमशः येऊं लागलें. १९१५ सालीं ‘मासिक मनोरंजना’ंत श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचें हास्य’ ही कथा प्रसिद्ध झाली; ती पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा मानली जाते. पुढें भा. रा. भागवतांनीं व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांसाठीं रसाळ मराठींत आणल्या आणि कित्येक घरांतील सुट्या गोड केल्या. तरीही या लेखनाकडे पाहण्याची मोठ्या माणसांची दृष्टि ‘मुलांचें वाचन’ याच्या पलीकडे फारशी गेली नाहीं. ती पालटली ती एका पारितोषिकानें.

१९६६ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेनें विज्ञानरंजन कथांची स्पर्धा चालविली होती. १९७४ सालच्या स्पर्धेंत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. हें नांव कोणाच्याच ओळखीचें नव्हतें. आणि असणार तरी कसें? जयंत विष्णु नारळीकर यांनीं आपलीं आद्याक्षरें उलट क्रमानें मांडून तें बनविलें होतें. हस्ताक्षरावरून ओळख पटूं नये म्हणून पाठवावयाची प्रत त्यांच्या पत्नी डॉ. मंगला नारळीकर यांच्या अक्षरांत तयार झाली. त्या स्वतःही गणितज्ञ होत्या. एवढा आटापिटा कशासाठीं, असें कोणी विचारील. नारळीकर त्या वेळीं जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ होते. कोल्हापुरास १९३८ सालीं जन्म, काशीस बालपण, वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या हाताखालीं संशोधन, आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आंत ‘पद्मभूषण’. अशा माणसाची कथा परीक्षकांपुढें आली तर परीक्षा कथेची होणार कीं नांवाची? कथेला कथा म्हणूनच गुण मिळावेत, ही त्यांची इच्छा. ज्ञानवंतानें आपली प्रतिष्ठा दाराबाहेर ठेवून नवख्या उमेदवारासारखें रांगेंत उभें राहावें, हा प्रसंग आपल्या मुलांना अवश्य सांगावा असा आहे.

कृष्णविवर म्हणजे ज्याच्या गुरुत्वाकर्षणांतून प्रकाशही सुटूं शकत नाहीं असा पिंड. त्याच्या सान्निध्यांत काळाची गति मंद होते. तेथें जाऊन परतणाऱ्याचे कांहीं तास जातात तेवढ्यांत घरीं राहिलेल्यांचीं वर्षेंच्या वर्षें उलटलेलीं असतात. आपल्या वडिलधाऱ्यांना येथें रेवतीचा पिता ककुद्मी आठवेल. तो ब्रह्मलोकीं जाऊन परततो तों पृथ्वीवर युगें लोटलेलीं असतात. परंतु साम्य दिसलें म्हणून पुराणांत सापेक्षतेचा सिद्धांत होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. पुराणकार कल्पना करतो. शास्त्रज्ञ त्या मंद गतीचें माप सांगतो व तें खोटें ठरण्याची वाटही मोकळी ठेवतो. विज्ञानकथाकार या दोघांच्या मधला. कल्पनेचा घोडा तो उधळूं देतो, पण लगाम गणिताच्या हातीं ठेवतो.

पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनीं या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. नारळीकरांच्या कथांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला आणि त्याला महाराष्ट्र राज्याचें पारितोषिक मिळालें. या संग्रहांतील कथा एकत्र कुटुंबांत वाचण्याजोग्या आहेत, कारण त्यांतील विज्ञान प्रयोगशाळेंत कोंडून न राहतां घरांत येतें. ‘धूमकेतू’ या कथेंत पृथ्वीवर आदळूं पाहणाऱ्या धूमकेतूला वळविण्यासाठीं जगांतील शास्त्रज्ञ झटत असतात, आणि इकडे शोध लावणाऱ्याच्याच घरीं शांतीचा होम होतो. संकट टळतें, श्रेय कोणाला? हा वाद आपल्यापैकीं किती घरांत झाला नसेल! ‘गंगाधरपंतांचें पानिपत’ या कथेंत १७६१ सालच्या लढाईंत विश्वासराव वांचले असते तर हिंदुस्थानचा इतिहास कोणत्या वाटेनें गेला असता, याचें चित्र आहे. ‘पुत्रवती भव’ या आशीर्वादाला तर त्यांनीं असा उलटा आरसा दाखविला आहे कीं मुलगाच व्हावा म्हणून व्रतें करणाऱ्या घरानें तो एकदां पाहावाच. उतारवयांत, २०२१ सालच्या नाशिकच्या संमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. १९७४ सालीं टोपण नांवानें ज्या वाङ्मयप्रकाराची कथा धाडावी लागली, तोच अशा रीतीनें साहित्याच्या मानाच्या आसनापर्यंत पोहोंचला. २० मे २०२५ रोजीं पुण्यास नारळीकरांचें देहावसान झालें.

आतां पाश्चात्त्य देशांतील रीतीकडे क्षणभर वळूं. तिकडे विज्ञानकादंबरी बहुधा एकटी येत नाहीं. ती मालिकेंतील एक मणी असते. अमेरिकेंत या लेखनासाठीं १९५३ सालापासून ‘ह्यूगो’ हें पारितोषिक देतात. आयझॅक ॲसिमॉव्ह यांनीं गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासावरून स्फूर्ति घेऊन १९४२ सालीं एका मासिकांत ‘फाउंडेशन’ या कथा लिहावयास आरंभ केला. आकाशगंगाभर पसरलेलें साम्राज्य ढासळणार, हें एक गणिती आधींच ताडतो आणि अंधारयुग आंखूड व्हावें म्हणून ज्ञानाचें एक बेट वसवून ठेवतो, ही त्यांची मध्यकल्पना. १९५१ ते १९५३ या काळांत त्यांचीं तीन पुस्तकें झालीं. १९६६ सालीं सर्वश्रेष्ठ मालिका म्हणून त्यांना ह्यूगो मिळालें. आणि सुमारें तीस वर्षांच्या खंडानंतर १९८२ सालीं आलेल्या चौथ्या कादंबरीनें, ‘फाउंडेशन्स एज’नें, १९८३ चें ह्यूगो पटकाविलें. अलीकडे, २०१५ सालीं, चिनी लेखक ल्यू त्सशिन यांच्या तीन भागांच्या मालिकेंतील पहिल्या कादंबरीला हाच मान लाभला. मालिकेचा गुण असा कीं वाचक एका जगांत घर करून राहतो. दोष असा कीं नंतरचा खंड एकटा हातीं आला तर तें परक्याच्या घरचें लग्न पाहिल्यासारखें होतें.

नारळीकरांनीं अशी बांधील मालिका केली नाहीं. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’, ‘अभयारण्य’ या त्यांच्या कादंबऱ्या एकमेकींचे उत्तरार्ध नव्हेत. कोणतीही आधीं वाचावी. तरीही त्या एका सूत्रांत ओंवलेल्या आहेत. मनुष्याच्या बुद्धीला तिच्याहून वरचढ अशी एखादी शक्ति भेटली, मग ती ताऱ्यांकडून येवो, जमिनीखालून निघो, कीं संगणकाच्या पोटांतून उपजो, तर मनुष्य काय करील? हें तें सूत्र होय. त्यांत ‘वामन परत न आला’ ही आम्हांस सर्वांत जवळची वाटते, कारण तींतील शक्ति आपल्या पायांखालून निघते.

कथानकाचा सांगाडाच सांगतों. शेवट सांगून वाचकांचा विरस करीत नाहीं. आपल्याच देशांत शास्त्रीय प्रयोगासाठीं खोल खणत असतां जमिनीच्या पोटांत एक पेटी सांपडते. ती कोणा राजाच्या खजिन्याची नव्हे. आपल्याला ज्ञात असलेल्या इतिहासाच्याही पूर्वीं होऊन गेलेल्या एका अतिप्रगत संस्कृतीनें आपलें ज्ञान पुढच्यांसाठीं तींत पुरून ठेविलेलें असतें. शास्त्रज्ञ तें ज्ञान उलगडतात, त्यावरून पायरीपायरीनें यंत्रें बनवितात, आणि शेवटीं मनुष्यासारखा विचार करणारा, किंबहुना मनुष्याहून तल्लख असा एक यंत्रमानव उभा राहतो. त्याचें नांव वामन. तो आज्ञाधारक आहे, कामसू आहे, सर्वांच्या कौतुकाचा विषय आहे. मग त्याच्या मनांत, मन म्हणावें तर, एक साधी इच्छा येते: आपल्यासारखे आणखी वामन असावेत. येथून कादंबरीचा श्वास बदलतो. आणि एक प्रश्न, जो पेटी उघडतांनाच विचारावयास हवा होता, तो उशिरां विचारला जातो. ज्या संस्कृतीपाशीं एवढें ज्ञान होतें, ती नाहींशी कां झाली?

आतां पवनीकडे येऊं. आमचें गांव तसें लहान. एका अंगाला वैनगंगा, इतर अंगांना मातीचा जुना तट व खंदक, आणि आंत इतकीं देवळें कीं लोक याला विदर्भाची काशी म्हणतात. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं शां. भा. देव आणि जगत्पति जोशी यांच्या नेतृत्वाखालीं येथें उत्खनन केलें. जगन्नाथाची टेकडी म्हणून लोक जिच्याकडे पाहत होते, तिच्या पोटांतून मोठा बौद्ध स्तूप निघाला. चांडकापूर येथें दुसरा निघाला. ख्रिस्तपूर्व काळांतील कोरींव वेदिकास्तंभ, मुचलिंद नागाचें शिल्प, आणि त्यांबरोबर ब्राह्मी लिपींतील अनेक लहान लहान लेख सांपडले. हे लेख राजांच्या विजयाचे नव्हेत. स्तूपाच्या बांधणीला हातभार लावणाऱ्या साध्या माणसांचीं, त्यांत स्त्रियांचींही, नांवें त्यांत कोरलेलीं आहेत. अमक्याचें हें दान, एवढेंच ते सांगतात.

पवनीकर जेव्हां ‘वामन परत न आला’ वाचतो तेव्हां त्याला या दोन उत्खननांतील भेद जाणवल्यावांचून राहत नाहीं. एक खरें, दुसरें कल्पित. पण दोन्हींत पूर्वजांनीं ठेवलेली वस्तु वंशजांच्या हातीं येते. पवनीचा दगड ‘कोणीं दिलें’ हें सांगतो. ‘कसें केलें’ हें सांगत नाहीं. कादंबरींतील पेटी ‘कसें करावें’ हें तपशीलवार सांगते. परंतु तें केल्यावर काय भोगावें लागलें हें कळावयास उशीर होतो. दगडावर नांव कोरणारा मनुष्य आपल्या कृतीची जबाबदारी दोन हजार वर्षें उघड्यावर ठेवून गेला. पेटी पुरणारा केवळ कृतीची रीति ठेवून गेला. ज्ञानाचा वारसा आणि जबाबदारीचा वारसा हे दोन वेगळे वारसे आहेत. पहिला दुसऱ्यावांचून हातीं पडला म्हणजे काय होतें, हें या कादंबरीचें खरें मर्म आहे.

येथें ‘वामन’ हें नांव किती नेमकें आहे तें पाहण्यासारखें आहे. वामनावतार आपल्या मुलांना ठाऊक असतो तो बलिप्रतिपदेच्या ओवाळणीमुळें. विदर्भांत तर तो दगडांतही उभा आहे. रामटेकच्या डोंगरावर वाकाटककालीन त्रिविक्रमाच्या देवळाचे अवशेष आजही दिसतात. बटु लहान, मागणें लहान, तीन पावलें भूमि. पहिल्या पावलांत पृथ्वी जाते, दुसऱ्यांत स्वर्ग, आणि तिसऱ्यासाठीं दात्याचें मस्तक उरतें. यंत्राचा इतिहासही आम्हांस असाच तीन पावलांचा दिसतो. पहिल्या पावलांत यंत्रानें आपले श्रम घेतले, आणि आपण आनंदानें दिले. जातें, मोट, पाटावरवंटा यांच्यापासून सुटका कोणाला नको होती? दुसऱ्या पावलांत यंत्र आपला विचार घेऊं लागलें. तिसऱ्या पावलांत, म्हणजे यंत्र स्वतःच्या बुद्धीनें स्वतःसारखें यंत्र घडवूं लागेल तेव्हां, पाऊल ठेवावयास कोणाचें मस्तक पुढें करावयाचें?

ही भीति लेखकाच्या डोक्यांतून एकाएकीं निघालेली नव्हे. ‘रोबो’ हा शब्दच मुळीं वेठीवरून आला आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांनीं १९२० सालच्या आपल्या नाटकांत तो वेठबिगार या अर्थाच्या शब्दावरून आणला, आणि त्या नाटकांतील वेठबिगार शेवटीं धन्यावरच उलटतात. ज्या १९४२ सालीं ॲसिमॉव्ह यांची साम्राज्याची कथामालिका सुरू झाली, त्याच सालीं त्यांनीं यंत्रमानवांसाठीं तीन नियमही घालून दिले. मनुष्यास इजा करूं नये. त्याची आज्ञा पाळावी. आणि या दोहोंस बाध न येईल तेथवर स्वतःस जपावें. नियम तीन, पावलेंही तीन. हा निव्वळ योगायोग असला तरी बोलका आहे. गणिती जॉन फॉन नॉयमन यांनीं त्याच दशकांत हें दाखवून दिलें कीं स्वतःची प्रतिकृति घडविणारें यंत्र तर्कदृष्ट्या अशक्य नाहीं. यंत्रापाशीं स्वतःच्या रचनेचें वर्णन असावें, त्याबरहुकूम नवें यंत्र घडवावें, आणि तें वर्णनही नव्या यंत्राच्या हवालीं करावें, म्हणजे झालें. प्राणिसृष्टींत प्रत्येक पेशी हेंच करीत आली आहे. नारळीकरांचा वामन याच तर्काचा मानसपुत्र होय.

१९८६ सालीं ही कादंबरी वाचणाऱ्याला हें सर्व दूरचें वाटलें असेल. आज तसें म्हणवत नाहीं. प्रश्नाला उत्तर देणारीं, पत्र लिहिणारीं, चित्र काढणारीं यंत्रें आपल्या मुलांच्या खिशांत आलीं आहेत. आणि यंत्रांस चालविणाऱ्या आज्ञावलीही आतां यंत्रें लिहूं लागलीं आहेत. या विद्येच्या जनकांपैकीं एक, जेफ्री हिंटन, यांनीं २०२३ सालीं गूगल कंपनींतील आपली जागा सोडली ती अशासाठीं कीं या शोधाच्या धोक्यांविषयीं मोकळेपणानें बोलतां यावें. आणि पुढच्याच वर्षीं त्याच विद्येच्या पायाभूत कामाबद्दल त्यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. एकाच माणसानें पारितोषिकही घ्यावें आणि धोक्याची घंटाही वाजवावी, हें चित्र नारळीकरांच्या कादंबरींत शोभलें असतें.

परंतु वाचकांनीं असें समजूं नये कीं तिसरें पाऊल केवळ यंत्रमानवाचेंच असतें. पवनी तालुक्यांतच, गोसीखुर्द येथें, वैनगंगेवर मोठें धरण आहे. एप्रिल १९८८ मध्यें पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली. मूळ अंदाज सुमारें ३७२ कोटींचा. योजना अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याची. कोरडवाहू शेताला पाणी मिळावें हें मागणें बटूच्या मागण्याइतकेंच निष्पाप होतें. पुढें खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पलीकडे गेला, काम दशकानुदशकें चाललें, आणि पाणी चढलें तसतशीं नदीकांठचीं गांवें उठलीं. ज्यांच्या घरांवर पाणी आलें त्यांनीं तिसऱ्या पावलाखालीं आपलें मस्तक दिलें. म्हणून धरण बांधूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांच्या शेतांत पाटाचें पाणी आलें त्यांच्या घरची चूल कशी पालटली, हेंही आम्हांस ठाऊक आहे. म्हणणें एवढेंच कीं पहिलें पाऊल देतांना तिसऱ्याचा हिशेब मांडलेला असावा, आणि तो हिशेब ज्यांचें मस्तक जावयाचें त्यांच्या समोर मांडलेला असावा.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच घरांतील वडील मंडळींकडून येईल. ते म्हणतील, “म्हणूनच आपल्या पूर्वजांनीं विद्येला अधिकार लागतो असें म्हटलें, अनधिकाऱ्याच्या हातीं विद्या देऊंच नये.” हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु आपण प्रामाणिकपणें मागें वळून पाहिलें तर काय दिसतें? अधिकाराचा हा विचार पात्रता पारखण्यापुरता राहिला नाहीं. त्यानें स्त्रियांना व बहुसंख्य समाजाला विद्येच्या दाराबाहेर ठेविलें. ज्या घरांत आजीला अक्षरओळख होऊं दिली नाहीं त्याच घरांतील नात आज संगणकशास्त्र शिकते आहे; तेव्हां पेटीला कुलूप लावणें हा उपाय नव्हे. पवनीचे दगडच याची साक्ष देतात. तेथील दात्यांत स्त्रियांचीं नांवें आहेत, आणि तीं बाहेरच्या वेदिकेवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावींत अशीं आहेत.

मग उपाय कोणता? कादंबरी उपदेश करीत नाहीं. परंतु तिच्यावरून आम्हांस जें सुचलें तें सांगतों. विद्या सर्वांना द्यावी, पण तिच्याबरोबर तिचा जमाखर्चही द्यावा. पेटींत यंत्राचा आराखडा ठेवणाऱ्यानें सर्वांत वरच्या पानावर आपल्या नाशाची हकीकत ठेवावयास हवी होती. आपण आपल्या मुलांना काय देतों? फळ्यावरचें सूत्र देतों, परीक्षेंतील गुण देतों, परदेशीं शिकावयाला पैका देतों. परंतु कोणत्या शोधानें कोणाचें घर बुडालें, कोणत्या सोयीसाठीं कोणाला किंमत मोजावी लागली, ही हकीकत आपण त्यांच्या हातीं क्वचितच देतों. कारण ती आपल्या स्वतःच्या सुखसोयींचीही हकीकत असते. ही त्रुटि एकत्र कुटुंबानें भरून काढावी असें आम्हांस वाटतें, कारण तेथेंच तीन पिढ्यांचा जमाखर्च एका जागीं मिळतो. आजोबांना कंदिलाचा काळ आठवतो, बापाला विजेचा, नातवाला या नव्या बोलत्या यंत्राचा. काय मिळालें हें नातू सांगूं शकेल. काय गेलें हें आजोबाच सांगतील.

या दृष्टीनें ‘वामन परत न आला’ घरांत एकत्र वाचावी. ती मोठी नाहीं. भाषा सुबोध आहे. चार-पांच रात्रींत, जेवणानंतर एकानें मोठ्यानें वाचावी व इतरांनीं ऐकावी. पेटी उघडण्याचा प्रसंग आला म्हणजे थोडें थांबावें आणि लहान-मोठ्या सर्वांना विचारावें, “तुम्ही असतां तर काय केलें असतें?” आमचा अंदाज असा कीं मुलें उघडा म्हणतील, वडील थांबा म्हणतील, आणि एखादी सून हळूच विचारील कीं उघडली तर ती पुन्हां बंद करतां येते का. तिचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रात्र उरली असेल तर तेथेंच त्यावर बोलावें. पुस्तक कांहीं पळून जात नाहीं.

एक गोष्ट जातां जातां. या कादंबरीचें मराठी नांव म्हणतें कीं वामन परत आला नाहीं. लेखकानें केलेल्या इंग्रजी रूपाचें नांव मात्र वामनाच्या पुनरागमनाविषयीं बोलतें. दोन भाषांतील हीं दोन नांवें एकमेकांना छेद देतात खरीं. तरी आम्हांस दोन्हीं खरीं वाटतात. कथेंतील वामनाचें काय झालें तें वाचकांनीं पुस्तकांतच पाहावें. बाहेरच्या जगांतील वामन कधींच आपल्या दारीं येऊन उभा आहे, त्याचें मागणें अजून लहान आहे, आणि दोन पावलें त्याला आपण देऊन चुकलों आहों. तिसरें मागेल तेव्हां घरांतील कोणातरी एकानें तरी हिशेबाची वही हातीं घेऊन उंबरठ्यावर उभें असावें.